मालिकेतील मधला खंड कसा वाचावा : टोल्कीन यांच्या 'द टू टॉवर्स'चा अभ्यास

प्रस्तावना

मोठ्या अद्भुतकथा-मालिकेचा पहिला खंड आपण उत्सुकतेने वाचतो. शेवटचा खंड 'पुढे काय झाले' या ओढीने संपवतो. मधल्या खंडाचे मात्र तसे होत नाही. अनेक वाचक नेमके तिथेच थांबतात आणि पुस्तक महिनोन् महिने उशाशी पडून राहते. "कथा पुढे सरकत नाही", "आवडती पात्रे दिसतच नाहीत", "शेवटही नाही" अशा तक्रारी आपण वर्गात ऐकतो, कधी स्वतःही करतो.

या तक्रारी खोट्या नाहीत. मधल्या खंडाला स्वतःचा आरंभ नसतो आणि स्वतःचा शेवटही नसतो. पण त्याच्याकडे पहिल्या आणि शेवटच्या खंडाकडे नसलेली एक गोष्ट असते. पात्रांना पुढचे काही दिसत नसताना निर्णय घ्यावे लागतात आणि त्या अंधारात वाचकही त्यांच्यासोबत असतो. या घटकात आपण जे. आर. आर. टोल्कीन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या कादंबरीचा मधला खंड, 'द टू टॉवर्स', उदाहरण म्हणून घेणार आहोत. विवेचनाच्या ओघात या खंडातील घटना सांगाव्या लागतील. तिसऱ्या खंडाचा शेवट मात्र इथे उघड केलेला नाही.

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यावर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :
१. 'द टू टॉवर्स' हा स्वतंत्र खंड कसा तयार झाला ते सांगता येईल.
२. 'विणीची रचना' ही संकल्पना उदाहरणांसह स्पष्ट करता येईल.
३. खंडाच्या पहिल्या आणि शेवटच्या प्रकरणातील निर्णयांची तुलना करता येईल.
४. कोणत्याही मालिकेचा मधला खंड वाचताना ही पद्धत वापरता येईल.

१. एक कादंबरी, तीन खंड

सर्वप्रथम एक गैरसमज दूर करू. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही टोल्कीन यांच्या दृष्टीने तीन कादंबऱ्यांची मालिका नव्हती. ती एकच दीर्घ कादंबरी होती. १९३७ च्या अखेरीस त्यांनी लेखन सुरू केले आणि १९४९ मध्ये ते पूर्ण झाले. कादंबरीची अंतर्गत विभागणी सहा भागांत आहे. युद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये कागद महाग होता आणि एवढे मोठे पुस्तक एकदम छापणे प्रकाशकांना जोखमीचे वाटत होते. म्हणून लंडनच्या जॉर्ज ॲलन अँड अनविन या प्रकाशनसंस्थेने ते तीन खंडांत काढले. प्रत्येक खंडात दोन भाग आले. पहिला खंड जुलै १९५४ मध्ये, दुसरा नोव्हेंबर १९५४ मध्ये आणि तिसरा ऑक्टोबर १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला.

या तारखांकडे नीट पाहा. दुसरा खंड संपतो तेव्हा नायक फ्रोडो शत्रूच्या कैदेत आहे आणि त्याचा सोबती सॅम बंद दरवाजाबाहेर बेशुद्ध पडला आहे. त्या काळच्या वाचकांना या अवस्थेत सुमारे अकरा महिने थांबावे लागले. आज तुमच्या हाती तिन्ही खंड एकदम असतात, त्यामुळे हे थांबणे आपण अनुभवत नाही. दुसरा खंड संपल्यावर तिसरा उघडण्यापूर्वी निदान एक दिवस जाऊ द्या. त्या खंडाचा परिणाम काय होता, याचा थोडा अंदाज त्यातून येईल.

खंडाचे शीर्षकही या विभागणीची खूण बाळगून आहे. 'दोन मनोरे' म्हणजे नेमके कोणते? कथेत मनोरे पाच-सहा आहेत. टोल्कीन यांनी स्वतः वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या जोड्यांचा विचार केला. पहिल्या खंडाच्या शेवटी छापलेल्या टिपणात ऑर्थँक आणि मिनास मॉर्गुल ही जोडी आहे. पीटर जॅक्सन यांच्या २००२ च्या चित्रपटात मात्र ऑर्थँक आणि बराद-दूर हे दोन मनोरे मानले आहेत. मुळात जोडून नसलेल्या दोन भागांना एका आवरणात बसवायचे होते आणि त्यासाठी हे नाव शोधले गेले. म्हणून परीक्षेत 'दोन मनोरे कोणते' असा प्रश्न आला, तर एकच उत्तर ठामपणे देण्यापेक्षा ही संदिग्धता मांडणे अधिक योग्य ठरेल.

२. खंडाची मांडणी : दोन वाटा

पहिल्या खंडाच्या शेवटी नऊ जणांच्या सोबत्यांचा जथा फुटतो. दुसऱ्या खंडात दोन वाटा आहेत.

तिसरा भाग (अकरा प्रकरणे) : अ‍ॅरागॉर्न, लेगोलास आणि गिमली हे ऑर्कांनी पळवलेल्या मेरी आणि पिपिन यांचा माग काढतात. ही वाट रोहानच्या गवताळ प्रदेशातून, फॅनगॉर्नच्या अरण्यातून, हेल्म्स डीपच्या लढाईतून आयझेनगार्डपर्यंत जाते. यात घोडदळ आहे, राजा आहे, वेढा आहे, चालणारे वृक्षपाल आहेत.

चौथा भाग (दहा प्रकरणे) : फ्रोडो आणि सॅम मुद्रिका घेऊन मॉर्डॉरकडे निघाले आहेत. वाटाड्या आहे गॉलम, ज्याला ती मुद्रिका स्वतःसाठी हवी आहे. या वाटेवर खडक, दलदल, राख आणि भूक आहे. माणसे फार थोडी भेटतात.

लक्षात घ्या, तिसऱ्या भागात फ्रोडो एकदाही दिसत नाही. चौथ्या भागात अ‍ॅरागॉर्न दिसत नाही. लेखकाला दोन्ही वाटा आलटून-पालटून दाखवता आल्या असत्या. चित्रपटात तसेच केले आहे : थोडा वेळ फ्रोडो, थोडा वेळ अ‍ॅरागॉर्न. कादंबरीत मात्र आधी एक वाट सलग, मग दुसरी सलग. वाचकांची मुख्य तक्रार इथेच असते. "मुद्रिका कुठे गेली?" असे मनात येत राहते. हेच त्या मांडणीचे काम आहे. अ‍ॅरागॉर्नला फ्रोडोचे काय झाले हे कळत नाही. अकरा प्रकरणे तुम्हालाही कळत नाही.

३. विणीची रचना म्हणजे काय

मध्ययुगीन फ्रेंच वीरकथांमध्ये, विशेषतः तेराव्या शतकातील लॅन्सेलॉटच्या गद्यकथांमध्ये, एक रचनापद्धत आढळते. अनेक वीर वेगवेगळ्या वाटांनी जातात. कथाकार एकाची कथा मध्येच सोडून दुसऱ्याची हाती घेतो आणि पुढे पहिलीकडे परततो. चटई विणताना एक पट्टी वर येते, दुसरी खाली जाते, पण खाली गेलेली पट्टी तुटलेली नसते. तसेच इथे असते. आपण तिला 'विणीची रचना' म्हणू. टोल्कीन ऑक्सफर्डमध्ये जुन्या आणि मध्ययुगीन इंग्रजीचे प्राध्यापक होते. मध्ययुगीन साहित्य हे त्यांचे रोजचे काम होते.

ही रचना आणि 'कथेत कथा' ही रचना एकच नव्हे. महाभारताच्या वनपर्वात बृहदश्व ऋषी युधिष्ठिराला नळाची कथा सांगतात. तिथे एका कथेच्या पोटात दुसरी कथा आहे आणि नळ-दमयंतीचा पांडवांच्या घटनाक्रमाशी प्रत्यक्ष संबंध नाही. विणीच्या रचनेत सर्व वाटा एकाच घटनाक्रमाच्या असतात. एका वाटेवरची कृती दुसऱ्या वाटेवर परिणाम करते, पण करणाऱ्याला तो परिणाम दिसत नाही.

दोन उदाहरणे पाहू.

उदाहरण १ : दुसऱ्या प्रकरणात अ‍ॅरागॉर्नला गवतात पानाच्या आकाराचे एक पदक सापडते. ते आपोआप पडलेले नाही, कुणीतरी मुद्दाम टाकले आहे, असे तो ओळखतो. तिसऱ्या प्रकरणात कथा काही दिवस मागे जाते आणि पिपिन ते पदक कसे टाकतो हे आपण पाहतो. म्हणजे वाचकाला आधी खूण मिळते आणि मग कारण. पिपिनला मात्र आपली खूण कुणाला सापडेल की नाही, हे माहीत नसते. तो केवळ आशेने ती टाकतो.

उदाहरण २ : चौथ्या भागात फ्रोडो मॉर्डॉरच्या काळ्या दरवाजासमोर हतबल होऊन बसला आहे. गँडाल्फ मेला, असे तो समजून आहे. निवेदक त्या जागी थांबून सांगतो की त्याच वेळी गँडाल्फ ऑर्थँकच्या पायऱ्यांवर सारुमानशी बोलत होता आणि त्याचे मन फ्रोडोकडे लागलेले होते. खाली गेलेली पट्टी इथे क्षणभर वर दिसते. वाचकाला दिलासा मिळतो, फ्रोडोला मिळत नाही.

४. दिनांक लावून वाचणे

टोल्कीन यांनी दोन्ही वाटांच्या तारखा, अगदी चंद्राच्या कलांसह, जुळवून घेतल्या होत्या. तिसऱ्या खंडाच्या शेवटी परिशिष्टात तारखांची यादी दिली आहे. (त्या यादीत कथेचा शेवटही आहे, तेव्हा प्रथम वाचताना ती उघडू नका.) हॉबिटांच्या पंचांगात प्रत्येक महिना तीस दिवसांचा असतो. काही निवडक दिवस पुढे दिले आहेत.

२६ फेब्रुवारी : बोरोमिरचा मृत्यू. जथा फुटतो.
२९ फेब्रुवारी : तिसऱ्या भागात मेरी आणि पिपिन निसटतात, त्यांना ट्रीबिअर्ड भेटतो. चौथ्या भागात फ्रोडो आणि सॅम कडे उतरतात, त्यांना गॉलम भेटतो.
१ मार्च : तिसऱ्या भागात अ‍ॅरागॉर्नला गँडाल्फ पुन्हा भेटतो. चौथ्या भागात फ्रोडो मृतांच्या दलदलीत पाऊल टाकतो.
५ मार्च : तिसऱ्या भागात सारुमानशी बोलणी होतात आणि रात्री पिपिन पालान्तीरमध्ये डोकावतो. चौथ्या भागात फ्रोडो काळ्या दरवाजासमोर असतो.
१३ मार्च : चौथ्या भागात फ्रोडो पकडला जातो.

ही यादी शेजारी ठेवली की काही गोष्टी लगेच दिसतात. एकाच दिवशी दोन्हीकडे एक अनोळखी वाटाड्या भेटतो : एकीकडे अरण्याचा वृद्ध राखणदार, दुसरीकडे गॉलम. एकीकडे मेलेला मित्र परत येतो, त्याच दिवशी दुसरीकडे पाण्याखाली मेलेले चेहरे दिसतात. शिवाय, तिसरा भाग ५ मार्चला संपतो आणि चौथा १३ मार्चला. म्हणजे खंड संपताना वाचक फ्रोडोबाबत आठ दिवस पुढे गेलेला असतो. तिसरा खंड उघडल्यावर त्याला पुन्हा मागे यावे लागते. फ्रोडो पकडला गेल्याचे ओझे घेऊनच तो पुढची युद्धे वाचतो.

शेवट आधी कळूनही रस टिकतो का, असा प्रश्न पडेल. भीष्मपर्व आठवा. संजय आधी धृतराष्ट्राला भीष्म पडल्याची वार्ता सांगतो आणि मग दहा दिवसांचे युद्ध पहिल्यापासून सांगतो. 'काय झाले' हे कळल्यावर लक्ष 'कसे आणि का झाले' याकडे जाते.

५. युद्धाची छाया

चौथ्या भागाचा मोठा हिस्सा टोल्कीन यांनी १९४४ च्या वसंतात लिहिला. त्यांचा मुलगा क्रिस्टोफर तेव्हा ब्रिटिश वायुदलाच्या प्रशिक्षणासाठी दक्षिण आफ्रिकेत होता. प्रकरणे लिहून होतील तशी ते त्याला पाठवत. स्वतः टोल्कीन १९१६ मध्ये सॉमच्या लढाईत होते. मृतांची दलदल आणि काळ्या दरवाजाकडची उजाड भूमी यांच्यावर सॉमनंतरच्या उत्तर फ्रान्सची काही छाप आहे, असे त्यांनी पुढे एका पत्रात मान्य केले. मात्र मॉर्डॉर म्हणजे अमुक देश आणि मुद्रिका म्हणजे अमुक शस्त्र असा रूपकात्मक अर्थ लावणे त्यांना मान्य नव्हते. उत्तर लिहिताना 'अनुभवाची छाप' आणि 'रूपक' यांतील फरक जपा.

६. खंडाचा गाभा : अपुऱ्या माहितीवरचे दोन निर्णय

आता सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येऊ. खंडाचे पहिले आणि शेवटचे प्रकरण शेजारी ठेवून वाचा.

पहिल्या प्रकरणात अ‍ॅरागॉर्न बोरोमिरच्या मृतदेहाजवळ आहे. गँडाल्फ गेल्यापासून जथ्याची जबाबदारी त्याच्यावर होती आणि आपण सगळे बिघडवले असे त्याला वाटते. फ्रोडोच्या मागे जावे की पकडल्या गेलेल्या दोन हॉबिटांच्या? मुद्रिकेचे महत्त्व सर्वांत मोठे, हे तो जाणतो. तरीही तो मुद्रिका फ्रोडोच्या हाती सोडतो आणि छळ होऊ शकेल अशा दोन साथीदारांच्या मागे धावतो.

शेवटच्या प्रकरणात सॅम फ्रोडोच्या देहाजवळ आहे. शेलॉब या महाकाय कोळिणीने त्याला दंश केला आहे आणि तो मेला, असे सॅम समजतो. मालकाजवळ थांबावे की काम पुढे न्यावे? सॅम अ‍ॅरागॉर्नच्या उलट करतो. तो साथीदाराला मागे ठेवतो आणि मुद्रिका घेतो. थोड्याच वेळात ऑर्कांच्या बोलण्यातून त्याला कळते की फ्रोडो जिवंत आहे.

मग कुणाचा निर्णय बरोबर? अ‍ॅरागॉर्नला वाटले होते, आपण हॉबिटांना वाचवू. प्रत्यक्षात तो पोहोचण्याआधीच ते निसटले होते. पण त्या वाटेवर त्याला गँडाल्फ भेटला आणि तो रोहानच्या मदतीला पोहोचला. सॅमची समजूत साफ चुकीची होती. पण त्याने मुद्रिका घेतली नसती, तर ती फ्रोडोसोबत ऑर्कांच्या हाती गेली असती. दोघांनीही जे साधायचे ठरवले ते साधले नाही. दोघांकडूनही न ठरवलेले मोठे काम झाले. विणीची रचना इथे नुसती सजावट राहत नाही. माणसाला आपल्या कृतीचा एकच धागा दिसतो, पूर्ण वीण दिसत नाही, हा विचार ती रचना सांगते. फळ दिसत नसताना योग्य वाटेल ते करणे, एवढेच पात्रांच्या हाती उरते.

७. हळू वाचावे असे एक पान

किरिथ उन्गोलच्या पायऱ्यांवर फ्रोडो आणि सॅम थोडा वेळ विसावतात. आपणही कधीतरी एखाद्या कथेतले लोक ठरू का, असे ते बोलतात. गॉलम स्वतःला नायक समजत असेल की खलनायक, असाही प्रश्न सॅमला पडतो. दोघे झोपी जातात. गॉलम परततो. तो कपटाचा बेत आखून आलेला आहे. पण झोपलेल्या फ्रोडोकडे पाहताना तो बदलतो, थकलेल्या म्हाताऱ्यासारखा दिसू लागतो आणि हळूच फ्रोडोच्या गुडघ्याला हात लावतो. तेवढ्यात सॅम जागा होतो आणि त्याच्यावर खेकसतो. तो क्षण जातो आणि पुन्हा येत नाही.

सॅम वाईट नाही. तो थकलेला आहे, मालकासाठी घाबरलेला आहे आणि गॉलमवर संशय घेण्यास त्याच्याकडे सबळ कारण आहे. थोड्या वेळापूर्वी गॉलमच्या मनाविषयी प्रश्न विचारणाऱ्या सॅमसमोर उत्तर उभे असते आणि त्याला ते दिसत नाही. हा प्रसंग संपूर्ण कथेतील सर्वांत शोकात्म प्रसंगांपैकी एक आहे, असे स्वतः टोल्कीन यांना वाटत असे. घाईने वाचणाऱ्याच्या नजरेतून तो सहज निसटतो, कारण पुढे लगेच शेलॉबची गुहा येते आणि आपण तिकडे धावतो. पुस्तक इथे आपलीही परीक्षा घेते. सॅमने जे पाहिले नाही, ते आपण पाहिले का?

या प्रसंगाचे मूळ पहिल्या खंडात आहे. गॉलमला मारायला हवे होते, असे फ्रोडो तिथे म्हणतो आणि गँडाल्फ त्याला दयेविषयी सांगतो. चौथ्या भागाच्या सुरुवातीला गॉलम हाती सापडतो, तेव्हा फ्रोडोला ते बोलणे आठवते आणि तो त्याला जिवंत सोडतो. मधला खंड वाचताना मागची पाने अशी पुन्हा उलटावी लागतात. या दयेचा हिशेब तिसऱ्या खंडात लागतो.

८. सर्व मधले खंड सारखे नसतात

टोल्कीन यांची पद्धत हा एक मार्ग झाला. अर्सुला ली ग्विन यांच्या 'अर्थसी' मालिकेतील दुसरे पुस्तक, 'द टूम्ब्ज ऑफ अतुआन' (१९७१), वेगळा मार्ग घेते. पहिल्या पुस्तकाचा नायक गेड इथे बरीच पाने दिसत नाही. पुस्तक तेनार या तरुण पुजारिणीचे आहे. गेड येतो तो तिच्या अंधाऱ्या भुयारात शिरलेला परका म्हणून. ओळखीच्या नायकाला अनोळखी नजरेने पाहायला लावणे, हे त्या मधल्या पुस्तकाचे काम. म्हणून मधला खंड हाती घेताना आधी विचारा : या पुस्तकाने मला कोणाच्या जागी उभे केले आहे?

९. वाचनासाठी सूचना

• नकाशा जवळ ठेवा आणि दोन्ही वाटा दोन रंगांच्या पेन्सिलींनी काढा.
• प्रत्येक प्रकरणानंतर एकच ओळ लिहा : 'या पात्राला काय माहीत नाही?'
• कंटाळा आला तर पाने गाळू नका, वाचनाचा वेळ कमी करा. चौथा भाग रोज एक प्रकरण या गतीने चांगला वाचता येतो.
• चित्रपट आधी पाहिला असेल, तर फरक टिपा. चित्रपट हेल्म्स डीपच्या विजयाजवळ संपतो, शेलॉब पुढच्या चित्रपटात येते. कादंबरी पराभवाच्या टोकावर थांबते.

सारांश

'द टू टॉवर्स' हा प्रकाशनाच्या गरजेतून तयार झालेला खंड आहे. तरीही त्याला स्वतःचा आकार आहे. दोन वाटा सलगपणे, एकीपासून दुसरी लपवून सांगितल्यामुळे वाचकाला पात्रांइतकेच अज्ञान सोसावे लागते. खंडाच्या दोन्ही टोकांना अपुऱ्या माहितीवरचा एकेक निर्णय आहे आणि मध्ये हुकलेल्या दयेचा एक क्षण. शेवट माहीत नसताना माणसे कशी वागतात, हे पाहण्याची जागा म्हणजे मधला खंड. आपले बरेचसे आयुष्यही आपण तसेच, मधल्या प्रकरणांत, जगत असतो.

सरावासाठी प्रश्न

१. 'विणीची रचना' आणि 'कथेत कथा' यांतील फरक सोदाहरण स्पष्ट करा.
२. अ‍ॅरागॉर्न आणि सॅम यांच्या निर्णयांची तुलना करा. परिणामावरून निर्णयाची योग्यता ठरवता येते का? चर्चा करा.
३. आयझेनगार्डचा विध्वंस वाचकाला प्रत्यक्ष न दाखवता मेरी आणि पिपिन यांच्या तोंडून सांगितला आहे. याचे फायदे-तोटे लिहा.
४. तुमच्या भाषेतील एखाद्या बहुखंडी कादंबरीचा मधला खंड निवडा आणि त्यातील पात्रांना काय माहीत नाही, याची प्रकरणवार नोंद करा.